ब्रेकचा गोळा

चाबी मी फिरवली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना मला कुणी शहाणा समजणार नाही. एकतीस वर्षं अमरावतीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं. बंद भांड्यातल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो, हे फळ्यावर लिहून लिहून बोटं पांढरी केली. आणि तरी चाबी मीच फिरवली. त्यापायी अकोल्याच्या एका मिस्त्रीनं ब्रेकच्या कामाला हात लावणं सोडलं. चाळीस वर्षं गाड्या उघडलेल्या माणसाला वाटलं, आता आपला भरवसा राहिला नाही. मी त्याला दीड महिना तसं वाटू दिलं.

गाडी परदेशी बनावटीची, तिशी ओलांडलेली, गडद हिरवी. लांबीला एवढी, की आमच्या गल्लीत वळवायची तर दोनदा मागंपुढं करावं लागतं आणि शेजारचे लोक तेवढ्या वेळात बाहेर येऊन बघून घेतात. मूळची ती अकोल्याच्या एका डॉक्टरसाहेबांची. ते मुलाकडे कायमचे परदेशी गेले तेव्हा मी घेतली. माझे वडील मूर्तिजापूरला नॅरोगेज रेल्वेच्या लहान गाडीवर खलाशी होते. कोळशाचे हात धुऊन ते घरी यायचे आणि साहेबांच्या मोटारींचं वर्णन करायचे, आतल्या लाकडाचं, कातड्याच्या सीटांचं. मला काही त्यांची इच्छा वगैरे पुरी करायची नव्हती. मला ती गाडी आवडली. बायको म्हणाली, "एवढी मोठी गाडी अन् बसणारे दोघं. मधात भाडेकरू ठेवता काय?" पेट्रोलपंपावर एकानं मला विचारलं, "काका, साहेब कुठं उतरले?" मला राग आला. पुढच्या खेपेला दुसऱ्यानं विचारलं, तेव्हाही आला. राग येण्याची सवय होत नाही, असा माझा अनुभव आहे.

ह्या गाडीत ब्रेक नुसत्या पायाच्या जोरावर लागत नाही. बॉनेटखाली विजेवर चालणारा एक छोटा पंप आहे. तो ब्रेक ऑइल दाबून एका लोखंडी गोळ्यात भरून ठेवतो. गोळा काळा, मोठ्या संत्र्याएवढा. आत रबराचा पडदा, पडद्याच्या एका अंगाला नायट्रोजन, दुसऱ्या अंगाला ऑइल. ऑइल घुसलं की नायट्रोजन दबतो, आणि पाय पडला की तोच ऑइलला चाकांकडे ढकलतो. गाडीच्या पुस्तकात त्याला अ‍ॅक्युम्युलेटर म्हणतात, मिस्त्री गोळा म्हणतो. वर्षं गेली की नायट्रोजन झिरपून जातो, गोळ्यात दम राहत नाही, आणि मग दर ब्रेकला पंपाला धावावं लागतं.

मार्च संपता संपता आमचा पंप फार वाजायला लागला. आधी चार-पाच ब्रेकनंतर एकदा घर्रर्र करायचा, मग दर ब्रेकला करायला लागला. एप्रिलात समोर लाल दिवा लागला. दिव्याचा फोटो मिस्त्रीला पाठवला आणि फोन केला. डॉक्टरसाहेबांच्या वेळेपासून ह्या गाडीला त्याच्याशिवाय कुणी हात लावलेला नाही. फोनवर तो ऐकून घेत नाही, सांगतो. "गोळा गेला. नवा मागवा. तोवर फिरवू नका," एवढं ओरडून त्यानं फोन ठेवून दिला. मी अजून 'कसं काय, मिस्त्री' म्हणत होतो.

नवा गोळा बाहेरच्या देशातून यायला महिना लागला. मेच्या मध्यात आला. तो टॉवेलात गुंडाळून बाजूच्या सीटवर ठेवला आणि वरून पट्टा लावला, तेव्हा बायको फाटकात उभी होती. "लेकरू घेऊन चालले जसं काही," ती म्हणाली. स्वतः यायला तिनं साफ नकार दिला. ब्रेकचा भरवसा नसलेल्या गाडीत ती बसणार नव्हती, आणि तिचं चूक नव्हतं. सकाळी सहाला, रस्ता मोकळा असताना निघालो. म्हशीच्या चालीनं बडनेरा, मूर्तिजापूर असं करत साडेनऊला अकोल्यात पोचलो. तेवढ्यातही दोन ट्रकवाल्यांनी शिव्या दिल्या. काचा वर होत्या म्हणून नीट ऐकू आल्या नाहीत.

मिस्त्रीचं गॅरेज म्हणजे पत्र्याचं शेड, बाजूला डाळमिल, मागं त्याचं घर. एकटा काम करतो. वयानं माझ्याएवढाच, अंगानं किरकोळ, जाड भिंगांचा चष्मा. गाडी फाटकातून आत येताना ऐकूनच तो रोग सांगतो, अशी त्याची ख्याती. डॉक्टरसाहेब म्हणायचे, मला छातीला नळी लावावी लागते, ह्याला तीही लागत नाही. त्या दिवशी मात्र त्यानं गाडी आत आल्यावर वर पाहिलंसुद्धा नाही. "इंजिन थंडं होऊ द्या," म्हणून मला बसवून ठेवलं. मे महिन्यात अकोल्यात काय थंडं होणार? पण बसलो. दुपारी लाईन गेली आणि शेडमधला पंखा थांबला, तेव्हा त्याला काम सुचलं.

ब्रेकच्या कामाचा त्याचा एक कायदा आहे. गाडीची चाबी मालकाजवळ राहू देत नाही. "आणा चाबी," म्हणून त्यानं हात पुढं केला, चाबी शर्टाच्या खिशात टाकली आणि वरून बटण लावलं.

"कावून, मिस्त्री? मी काय पळून जातो?"

"चाबी चालू राह्यली की पंप चालू राह्यते, सर. इकडून तुमी दाब उतरवा, तिकडून तो भरत राह्यते. अन् दाब असताना गोळा ढिला केला तं ऑइल गोळीवानी येते."

हे त्यानं मला समजावून सांगितलं. मला कुणी सांगितलं नव्हतं, असं म्हणायला जागा नाही. दुसरी चाबी माझ्या पँटच्या खिशात, घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात होती. त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्यात लपवण्यासारखं काही होतं असंही नाही, डोक्यातच आलं नाही.

मग मला सीटवर बसवून त्यानं बॉनेटपाशी उभं राहून मोजायला सुरुवात केली. चाबी बंद ठेवून पंचवीस वेळा ब्रेक दाबायचा, म्हणजे गोळ्यातला सगळा दाब उतरतो. "एक! दाबा पुरा. दोन! शाळेतल्या पोरावानी नका दाबू, जोर लावा. तीन!" सोळाला त्याची बायको चहा घेऊन आली. पंचेचाळीस डिग्रीत चहा, पण वऱ्हाडात पाहुण्याला चहा चुकत नाही. त्यानं कप घेतला, एक घोट घेतला, मला एक दिला. "हं, सतरा!" एकविसाव्याला पाय दगडावर ठेवल्यासारखा झाला. पंचविसाला तर पेडल हललंच नाही. म्हणजे दाब उतरला होता. हे माझ्या पायाला कळलं होतं, आणि ह्याला साक्षीदार मी एकटाच होतो.

"बसूनच राहा, मी सांगतलं की उतरा," तो म्हणाला आणि बॉनेटखाली वाकला. त्याला गोळ्याभोवतीची धूळ पुसायची होती, तिथं पाना बसवायला जागा करायची होती. बाहेरून झळा येत होत्या म्हणून मी दार ओढून घेतलं. काचा वर, कातड्याची सीट पाठीला चिकटलेली, वर पत्रा तापलेला. पाच मिनिटांत माझा जीव घाबरायला लागला. मी खिशातून जुडगा काढला आणि दुसरी चाबी अर्धी फिरवली. फक्त गाडीतल्या पंख्यासाठी.

पंखा सुरू झाला. बॉनेट उभं होतं. तो मला दिसत नव्हता, मी त्याला दिसत नव्हतो. पंख्याच्या आवाजाखाली पुढून घर्रर्र आलं, आठ-दहा सेकंद, मग थांबलं. मी ते ऐकलं. ऐकून मला काय वाटलं? गार वाटलं. दोन मिनिटं हवा खाल्ली आणि चाबी काढून खिशात टाकली, कारण त्यानं पाहिलं तर ओरडेल, एवढं मला कळत होतं. का ओरडेल, तेवढंच डोक्यात नव्हतं. घ्या, हा पदार्थविज्ञानाचा माणूस.

थोड्या वेळानं पुढून फट्ट आवाज झाला, आणि मागोमाग "माय वं!"

उतरून धावलो. तो दोन्ही हातांनी चेहरा धरून भिंतीला टेकला होता. ऑइल त्याच्या चष्म्यावर, गालावर, शर्टावर. पाना सटकून उजव्या हाताची दोन बोटं सांध्यावर फुटली होती. त्याची बायको घागर घेऊन आली. मी पाणी ओतत गेलो, तो डोळा उघडा धरून बसला. मला त्या क्षणी सगळं समजलं होतं, अगदी आकृतीसकट.  

डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं पुन्हा धुतलं, थेंब दिले आणि सांगितलं की चष्म्यामुळं निभावलं, डोळ्याला काही नाही. माझा जीव भांड्यात पडला. बोटांना पट्टी बांधून आम्ही रिक्षानं परत आलो. तो शेडमध्ये स्टुलावर बसला आणि बराच वेळ गाडीकडे बघत राहिला.

"सर, किती झाले होते?"

"पंचवीस."

"नाई. पंचवीस झाले असते तं थेंब आला नसता." त्यानं शर्टाच्या खिशावर हात मारला. "चाबी तं माह्याजवळ होती. मंग दाब आला कुठून? चहा आला तवाच चुकली गिनती. सोळावरून मी सिद्धा बावीसवर गेलो असन."

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात त्याची बायको कपबश्या उचलायला आली, त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि मी तोंड मिटलं. त्या मिनिटात बोललो असतो तर ही गोष्ट चार लोकांत हसून सांगण्यासारखी झाली असती. पण जखमी माणसापुढं उभं राहून, तुमच्या पाठीमागं मी पंखा खात होतो, हे सांगायला जी हिंमत लागते ती माझ्यात नव्हती. भेकडपणा होता तो, दुसरं काही नाही. जुना गोळा त्यानं त्याच पट्टीच्या हातानं पुन्हा आवळला. "गाडी राहू द्या," म्हणाला, "मी सांगतो तवा या." मी गाडी आणि नवा गोळा तिथंच ठेवून रेल्वेनं बडनेऱ्याला आलो.

त्याचा फोन आला नाही. एक आठवडा गेला, मग दुसरा. मी घरात ह्या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिलो, पेपरमधली कोडी अर्धी टाकली. शेवटी एक दिवस बायकोला सगळं सांगितलं. मला वाटलं ती धीर देईल. ती भाजी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "मंग त्याले फोन करा ना. मले काय सांगून राहिले?"

केला. पण तोही आणखी काही दिवस जाऊ देऊन, जुलै लागल्यावर. फोन त्याच्या बायकोनं उचलला.

"ते ब्रेकचं काम घेतच नाई आता, सर," ती म्हणाली. "पंचर, ऑइल बदली, एवढंच. ब्रेकची गाडी आली की वापस धाडतात. म्हणते, गिनती विसरणारा मिस्त्री कोणाचा तरी जीव घेईन. अन् मले तं पायलं की तेच. तू चहा आणला नसता तं, म्हणते. मी आता शेडात चहा नेतच नाई. मी घरातूनच हाक मारतो, मंग तेच आत येऊन पितात." मग तिनं विचारलं, "तुमाले तं आठवत असन ना, सर. किती झाले होते?"

मी म्हटलं, "उद्या येतो मी."

दुसऱ्या दिवशी बडनेरा ते अकोला मी मनात वाक्यं जुळवत होतो. मिस्त्री, मला तुम्हाला काही सांगायचं आहे. मिस्त्री, त्या दिवशी अशी गोष्ट झाली. एकही वाक्य धड वाटेना. गॅरेजात पोचलो तर तो जमिनीवर बसून एका स्कूटरचं चाक उघडत होता. बाजूची डाळमिल धडधडत होती. माझी गाडी कोपऱ्यात, वरून ताडपत्री टाकून, बॅटरीची वायर काढून नीट ठेवलेली. मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो आणि सगळं एका दमात सांगून टाकलं.

"काय?" तो म्हणाला. "मोठ्यानं बोला, मिल चालू आहे."

लाजेची गोष्ट मला दोनदा सांगावी लागली, दुसऱ्यांदा ओरडून. त्याची बायको दारात आली. रस्त्यावरचा एक माणूसही थांबला. मी जुडगा काढून ती दुसरी चाबी त्याच्यापुढं धरली. त्यानं ती हातात घेतली, खिशातून पहिली काढून शेजारी धरली, दोन्हींचे दाते पाहिले. आणि मांडीवर थाप मारली.

"म्हंजे पंचवीसच होते!"

"पंचवीसच होते."

"अवं, आयकलं काय?" तो दाराकडे वळून ओरडला. "पंचवीसच होते! चहाचं काई नवतं त्यात!" मग माझ्याकडे वळला. "काय बाप्पा, सर! कायचे मास्तर तुमी? पोरायले काय शिकवलं असन तुमी? माहा डोळा गेला असता ना!" आणि बरंच काही बोलला, जे मी लिहीत नाही. मी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. शिव्या खाऊन इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. त्याची बायको आत गेली ती बहुतेक चहा ठेवायलाच. बाजूची मिल जेवणाच्या सुट्टीसाठी थांबली, आणि तो उठून ताडपत्री काढायला लागला. हातात चपळाई आली होती. "आजच बसवून टाकतो गोळा. आणा इकडे तो," म्हणाला. बॅटरीची वायर जोडली, बॉनेट उघडलं, पाना घेतला.

आणि तिथंच थांबला.

"सर, तुमी चाबी फिरवली तं पंप चालू झाला असन."

"झाला."

"वाजला?"

"वाजला. आठ-दहा सेकंद."

"मी कुठं होतो तवा?"

"इथंच," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता मला कळलं की मी काय करून बसलो आहे. पंप गोळ्यापासून वीतभर अंतरावर आहे. मिस्त्री त्यावर वाकून धूळ पुसत होता. मी घाईनं म्हणालो, "बाजूची मिल चालू होती ना त्या दिवशी, त्या आवाजात कुठं—"

"लाईन नवती, सर," तो म्हणाला. "मिल कशी चालन?"

 गिनती चुकली असती तर ती पुन्हा नीट करता आली असती, कागदावर रेघा मारून करता आली असती. तेवढा दिलासा त्याच्याजवळ होता, आणि मी गाडीभाडं खर्चून तो काढून घ्यायला आलो होतो. त्यानं पाना मडगार्डवर ठेवला. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"बसा आत," तो म्हणाला आणि एक चाबी माझ्या हातात दिली. "काचा खाली घ्या. मी म्हणतो तवा चाबी फिरवा. पंखा बंद."

मी बसलो. हँडल फिरवून चारही काचा खाली घेतल्या, चाबी नुसती आत घातली. समोर बॉनेट उभं, त्यामागं तो.

"फिरवा."

फिरवली. पंप सुरू झाला. घर्रर्र, घर्रर्र, मला पायाखालच्या पत्र्यातसुद्धा तो जाणवत होता. मी मनात मोजत होतो. नवाला पंप थांबला. मी तसाच बसून राहिलो, मिस्त्री काही तरी म्हणेल म्हणून. मग बॉनेटच्या बाजूनं त्यानं डोकं बाहेर काढलं.

"फिरवा ना, सर," तो म्हणाला. "कावून थांबले?"